उत्तमची राहिलेली छपरं

आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. मी मोटार लावून गच्चीवरची टाकी भरत होतो, तेवढ्यात फोन वाजला. उत्तमची बायको, मंगलवहिनी. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या... मी "येतो" म्हणालो, आणि टाकी भरेपर्यंत तिथंच उभा राहिलो. पाणी सोडून निघावं हे सुचलंच नाही. आज सहा आठवडे झाले. त्या दहा मिनिटांची लाज अजून वाटते, आणि खरं सांगायचं तर थकवाही अजून उतरलेला नाही.

उत्तम खरात हा मुकुंदवाडीचा सुतार मिस्तरी. आम्ही दोघं एकाच वर्षी तंत्रशाळेत सुतारकाम शिकायला आलो, एकाच टेबलावर रंधा चालवला. पुढं मी तिथंच शिकवायला लागलो, निवृत्तही तिथूनच झालो. त्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि जिल्हाभर लाकडी छपरं उभी केली. "तू फळ्यावर शिकव, मी भिंतीवर शिकतो," असं तो हसून म्हणायचा. छपराचा भार वाहणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटीला आम्ही कैची म्हणतो. उत्तमची कैची इतकी नेमकी असायची की सांध्यात पोस्टकार्ड सरकवू म्हटलं तरी सरकत नसे. चुकलं ते कैचीत नाही. ती जिथं भिंतीवर टेकते, तिथं चुकलं.

फर्दापूरजवळ एका हॉटेलानं लेणी पाहायला येणाऱ्यांसाठी जेवणाची मोठी पडवी काढली होती. तिन्ही बाजूंनी उघडी, वर कौलं. भिंतीच्या आणि खांबांच्या माथ्यावर आडवं लाकूड असतं, त्यावर कैच्या बसतात. उत्तमला तिथं लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट हवे होते. मालकाला हंगामाच्या आत पडवी हवी होती. "एवढी कौलं आहेत वर, उडून कुठं जाणार?" तो म्हणाला. उत्तम गप्प बसला आणि प्रत्येक कैचीला दोन तिरपे खिळे ठोकून मोकळा झाला. त्यानंतरची बरीच छपरं त्यानं तशीच केली. कुणी विचारत नव्हतं, कुठं काही होतही नव्हतं.

मग एका मे महिन्यात, भर दुपारी, वावटळ उठली. वारा उघड्या बाजूनं पडवीत शिरला आणि छप्पर खालून उचललं गेलं. जेवणारे पळाले. स्वयंपाक करणाऱ्या कमलबाई चुलीपाशी होत्या, त्यांच्या पायावर एक कैची आली.

दुसऱ्या दिवशी उत्तमच्या मोटारसायकलवर मागं बसून मी गेलो. कौलांच्या ढिगात तो खाली बसून तुकडे बाजूला सारत होता. मग एक खिळा उचलून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला.

"बघ. वाकलासुद्धा नाय."

खरंच सरळ होता, नुकताच पुडीतून काढल्यासारखा. मी वर्षानुवर्षं वर्गात हेच सांगत आलो होतो की खिळा आडवा जोर सोसतो, पण सरळ वर ओढलं तर लाकडातून निसटून येतो. आता ते समोर पडलेलं होतं.

कमलबाईंचं घर अजिंठ्याला होतं. त्या खाटेवर होत्या, मांडीपासून प्लास्टर. उत्तम उंबऱ्याशीच थांबला. "बाई, ते छप्पर मी केलतं. खिळ्यांनी भागणार नाय, हे मला माहीत होतं."

"माहीत होतं, तर मग बोलला का नाय?"

"बोललो. पण एकदाच बोललो."

"बसा," त्या म्हणाल्या. "मालक अजून आलेला नाय. तुम्ही तरी आलात." सुनेला त्यांनी चहा ठेवायला सांगितलं. उत्तमनं कप हातात घेतला, पण चहा त्याच्यानं संपला नाही. पुढं कमलबाई चालू लागल्या, पण लंगडत.

घरी परतताना तो वाटेत एकच वाक्य बोलला, "अजून तेरा हायेत." खिळ्यांवर उभी असलेली त्याची तेरा छपरं.

ती पुन्हा बांधायची म्हणजे कौलं उतरवायची, आणि तेवढं कोण करू देणार? उपाय शोधायला आम्हाला महिना लागला. आधी बाजारातले साधे काळे स्क्रू आणले, तर घट्ट करतानाच त्यांची डोकी तुटली. मग मोठ्या बांधकामात वापरतात ते मिळाले. वीतभर लांब, जाड दांड्याचे, पसरट डोक्याचे. त्यांची खुबी अशी की छप्पर न उघडता आतून, शिडीवर उभं राहून, भिंतीवरच्या आडव्या लाकडातून ते तिरपे वर कैचीत घुसवता येतात. स्क्रू पिळायचं मशीन लावलं की आटे लाकूड धरत धरत वर चढतात, आणि वाऱ्यानं कितीही वर ओढलं तरी सोडत नाहीत. पण उत्तम तेवढ्यावर थांबेना. "कैची लाकडाला धरली रे. पर लाकूड भिंतीला धरलंय का?" मग आधी भिंतीत बोल्ट, नंतर स्क्रू. म्हणजे प्रत्येक छपराला दुप्पट दिवस.

चार वर्षं आम्ही हे करत होतो. वाचायला बरं वाटतं. करताना लई कंटाळवाणं होतं. मान वर करून तासन् तास उभं राहायचं, डोळ्यांत भुसा, दंडात गोळे. माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. लोकही काही हार घेऊन उभे नव्हते. सिल्लोडकडचा एक शेतमालक म्हणाला, "इतकी वर्षं उडालं नाय, आता त्याला कशाला भोसकता?" उत्तमनं वाद घातला नाही. तीन दिवस सकाळी जाऊन त्याच्या ओसरीवर बसला. चौथ्या दिवशी त्या माणसानंच वैतागून शिडी आणून दिली.

एकदा मीच चिडलो. "पुरे आता, उत्तम. तू काय एकटा वादळ थांबवणारेस?"

"वादळ नाय रे," शिडीवरूनच तो म्हणाला. "माझं काम धरून ठेवतोय, एवढंच."

गेल्या दिवाळीपासून त्याला दम लागायला लागला. हृदय मोठं झालंय, असं डॉक्टर म्हणाले. बारा छपरं झाली होती. राहिलं होतं वैजापूर तालुक्यातल्या एका गावचं वाचनालय. मी शेवटचा भेटलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता आणि त्याच वाचनालयाचं बोलत होता. मी म्हणालो, "उन्हाळा सरू दे, मग जाऊ."

"उन्हाळ्यातच तर वारा असतो," तो म्हणाला.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी नुसता दमलो होतो. आणखी एक शिडी नको वाटत होती... त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, जणू माझे गुडघे त्याला कळत होते. पाच दिवसांनी फोन आला.

उत्तमच्या तेराव्यानंतर वहिनींनी मशीन आणि उरलेले स्क्रू माझ्यापुढं ठेवले.

मागच्या आठवड्यात मी वैजापूरकडच्या त्या गावी गेलो. वाचनालय सांभाळणाऱ्या सुमनताईंनी बाकं सरकवून दिली आणि शिडी धरून उभ्या राहिल्या. भिंतीतले बोल्ट गावातल्या गवंड्यानं आदल्या दिवशीच बसवून ठेवले होते. एकेक करत मी पुढं सरकत होतो. पश्चिमेच्या कोपऱ्यात कैचीच्या बुडाशी जळमटं होती. ती फडक्यानं पुसली, तर खाली पेन्सिलीची अक्षरं निघाली. कैची कुठं बसवायची ते विसरू नये म्हणून लिहिलेली. 'पश्चिम, शेवटची.' पोट फुगवलेला प आणि तिरका झुकलेला श, एका टेबलावर वर्षभर पाहिलेलं अक्षर. वीस वर्षांत ती पेन्सिल जराही पुसट झालेली नव्हती. छप्पर उभारतानाचा उत्तम, तगडा, घाईतला, अजून काहीच न घडलेला.

मी शिडीच्या वरच्या पायरीवर टेकलो. खाली उतरावंसं वाटेना आणि हातही उचलेना.

"सर, झालं का?" सुमनताईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "एक राहिलाय."

स्क्रू मी त्या अक्षरांपासून चार बोटं अलीकडं धरला आणि मशीन चालू केलं.