कापड्यात सांगायचं राहिलं

तोंड झाकायला दिलेल्या ओढणीनं तिनं आधी खुर्ची पुसली. मग ती घडी करून संयोजक बाईंच्या हातात परत दिली. "फोटो काढा, नायतर नका काढू. तोंड हेच हाय."

मुलांनो, महाडच्या कॉलेजातल्या एका कार्यक्रमात मी तिला प्रथम पाहिलं ते असं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना तिचं बोलणं इंग्रजीत सांगायला मला बोलावलं होतं. संयोजक बाईंनी "ही आपली पीडित भगिनी" अशी सुरुवात केली, तोच ती म्हणाली, "थांबा ताई. माझं मी सांगते."

नवऱ्यानं टाकलेली. कशेडी घाटाखालच्या ढाब्यावर आधी भांडी घासली, पुढे ट्रकवाल्यांबरोबर धंदा केला. एका मुलीनं विचारलं, दुसरं काम का नाही केलंत?

"केलं की गो. भांडी घासताना मालक पगार बुडवायचा, वर अंगाला हात लावायचा. धंद्यात निदान नाय म्हणता येतं." मग म्हणाली, "रोज नाय येत. एकदा म्हटलं तर दात पाडला." आणि ओठ वर करून तिनं रिकामी जागा दाखवली.

नंतर ती आमच्याकडे चहाला येऊ लागली. "बाई, कप वेगळा असंल तर आत्ताच सांगा." कप वेगळा नव्हता, शेजारणींचं येणं मात्र कमी झालं. "तुमचं पण गिऱ्हाईक तोडलं मी," म्हणून हसली.

तिला एकच गोष्ट हवी होती. "महाडात सांगून काय, बाई? इथं मला कोण ओळखतंय? कापड्यात सांगायचं हाय, देवळासमोर. ज्यांनी मला भात लावताना बघितलंय, त्यांना."

कापडे हे तिचं माहेरचं गाव. तिथे भावानं सांगून ठेवलं होतं की बहीण मुंबईला मेसमध्ये स्वयंपाक करते. "आई हाय तोवर थांब," तो म्हणाला. ती थांबली. आई गेली, तर त्याच्या मुलीचं लग्न जमत होतं. पुन्हा थांबली. मग छातीचं दुखणं आलं, आणि त्यातच ती गेली.

दहाव्याला सावित्री नदीच्या काठी पिंड ठेवला. द्यायला भाऊच होता. मागे कापड्याची चार माणसं. हायवेवरच्या तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. या मेसमधल्या बायका, असं भावानं गावकऱ्यांना सांगितलं.

कावळे झाडावर होते, खाली येईनात. तुम्ही हे पाहिलं नसेल. कावळा पिंडाला शिवला नाही, तर गेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात, आणि जवळच्यांनी ती पुरी करायचा शब्द द्यायचा असतो. तरीही नाहीच शिवला, तर दर्भाच्या गवताचा कावळा करून टेकवतात आणि विधी उरकतात.

"तुझ्या मांजरीला आमी बघू गो," मैत्रिणींतली एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "तुझ्या खोलीत कुणाला घुसू देणार नाय." कावळे हलले नाहीत.

मग सगळ्यांत थोरली भावाकडे वळली. "दादा, तिला काय पायजे होतं ते तुमाला ठावं हाय. बोला."

भावानं मागे पाहिलं. गावची माणसं ऐकत होती. त्यानं पिंडाला हात जोडले.

"नुसतं 'सांगीन' म्हणा, दादा. बाकी काय नको."

"गुरुजी," तो म्हणाला, "ऊन चढलंय. दर्भाचा करा."

गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला.