ओला डाग

काल सकाळी मिस्त्रीने आमच्या जुन्या पिकअपचा वॉटर पंप बदलला. काढलेला पंप ओट्यावर ठेवत तो म्हणाला, "वहिनी, आता एक थेंब गळायचा नाही." मी "बरं झालं" म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.

तो पंप कितीतरी वर्षं गळत होता. "बदलू की," हे म्हणायचे, आणि रोज निघताना कॅनने पाणी भरायचे. पहाटे भाजी घेऊन बाजाराला जायचे, पण मला उठवायचे नाहीत. उठल्यावर मी दार उघडून आधी अंगणातली जमीन बघायची. गाडी उभी असायची तिथे ओला डाग असायचा. काळाभोर असला तर आत्ताच निघालेत. कडेने सुकला असला तर एव्हाना खिंड ओलांडली असेल. उन्हाने तो पार पुसला की मी भाकरीचं पीठ मळायला घ्यायची, कारण तोवर हे परतीला लागलेले असायचे.

माणूस मागे ठेवून जातो ते बहुतेक वेळा दुरुस्त करायचं राहिलेलंच असतं.

हे वारले तेव्हापासून गाडी भाऊजी चालवतात, यांचे धाकटे भाऊ. डाग मात्र पडत राहिला आणि मी तो बघत राहिले.

आज पहाटे चहा पिऊन भाऊजींनी गाडी काढली. कपबशा विसळून मी सवयीने दारात आले. जमीन कोरडी होती, तिथून कधी कुणी गेलंच नसल्यासारखी.