धावायचे बूट विकताना

माझ्या तिसऱ्या पोलीस भरतीची यादी लागली, तेव्हा मी आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या स्टँडवर गोंदियाच्या एसटीची वाट पाहत उभी होते. मोबाईलवर यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नाव नव्हतं. बस आली, मी चढले, बाजारातली दोन कामं केली आणि घरी परतले. आईनं विचारलं, तर झालं नाही म्हटलं. तिनं ताट वाढलं, मी जेवले. पुढच्या भरतीपर्यंत माझं वय निघून जाणार होतं, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. रडू येईल असं वाटत होतं, आलं नाही. उजाडायच्या आत जाग मात्र येत राहिली. उठून धावायला जायचं नसल्यामुळे मी खाटेवर नुसती बसून राहायची.

दोनेक महिन्यांनी गोंदियातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात काम लागलं. भरतीची तयारी करणाऱ्या मुली बूट घ्यायला यायच्या, पण पुरुषांपुढे पाय पुढे करायला लाजायच्या, म्हणून मालकांना एक बाई हवी होती. ज्या भरतीत मी तीनदा नापास झाले होते, त्याच भरतीसाठीचे बूट मला विकायचे होते. हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. पण त्याचं काही वाटलं नाही.

मालक साठीच्या पुढचे. हिंदीत बोलायचे, आम्ही सगळे त्यांना भैयाजी म्हणायचो. पहिला आठवडा त्यांनी मला फक्त शिकवलं. गिऱ्हाईक आलं की आधी स्टुलावर बसवायचं. उभं गिऱ्हाईक दुकान पाहतं, बसलेलं बूट पाहतं. तोंडाकडे नाही, पायाकडे बघायचं. माप दोन्ही पायांचं घ्यायचं, कारण एक पाय थोडा मोठा असतोच, आणि बूट मोठ्या पायाचा द्यायचा. धावताना बोटं पुढे सरकतात, म्हणून अंगठ्यापुढे जागा ठेवायची. तीनपेक्षा जास्त जोड समोर मांडायचे नाहीत, माणूस गोंधळतो. आणि शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, "जूता पैर में गया कि तुम चुप. आगे जूता खुद बोलेगा."

माझी विक्री चांगली व्हायला लागली. गप्प बसणं मला त्या दिवसांत आपोआप जमत होतं.

एका दुपारी सडक अर्जुनीच्या पलीकडच्या गावातून एक मायलेक आल्या. मुलगी विशीची असेल. मी तिला बसवलं आणि चपला काढायला सांगितल्या. तळवा रुंद, बोटं फाकलेली, टाच दगडासारखी घट्ट. माझे पाय असेच आहेत. मैदानी चाचणी कधी आहे विचारलं, तर आठ दिवसांनी म्हणाली.

"अनवाणीच धावून राहिली मी आतापर्यंत," ती म्हणाली. "पण अकॅडमीत सगळ्या पोरींच्या पायात बूट आहेत."

अनवाणी धावलेल्या पायाला नवा बूट आठ दिवसांत सोसत नाही. हे मला भैयाजींनी शिकवायची गरज नव्हती. माझ्या दुसऱ्या भरतीत माझ्याच गटातली एक मुलगी कोरे बूट घालून आली होती आणि लंगडत बाहेर पडली होती. ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि मी नाडी बांधत राहिले. मुलगी उठली, आरशापर्यंत चालत गेली, परत आली. मी गप्प. तिच्या आईनं विचारलं, "बाई, यानं होईल ना तिचं?"

"होईल," मी म्हणाले.

महिन्याभरानं ती मुलगी एकटी आली. पिशवीत ते बूट होते, धुऊन आणलेले. न विचारताच तिनं सांगितलं. आठशे मीटरचा पहिला फेरा ठीक गेला. दुसऱ्यात दोन्ही टाचांचे फोड फुटले. ती थांबली, बूट काढले, हातात घेतले आणि उरलेलं अंतर अनवाणी धावून पूर्ण केलं. नाड्या सोडण्यात वेळ गेला तो गेलाच. हे सांगताना तिचा आवाज कुठंच हलला नाही. मग म्हणाली, "अकॅडमीत समजलं, तुम्ही बी भरतीची तयारी केली होती. मंग काऊन नाही सांगितलं, ताई?"

"मले मालूम होतं," मी म्हणाले. "तरी सांगितलं नाही."

ती आणखी काही ऐकायला थांबली. मी बूट घेतले आणि भैयाजींना सगळं जसं झालं तसं सांगितलं. पता होतं तर विकले कशाला, त्यांनी विचारलं. तुम्हीच गप्प राहायला सांगितलं होतं, असं मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढला.

"चुप रहने को कहा था, बेटा. झूठ बोलने को नहीं."

त्यांनी बूट परत घेतले. मला लाज वाटायला हवी होती. वाटत असावी, पण ती दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी दूर होती.

त्यानंतर मी स्टुलावर बसवायच्या आधीच विचारायला लागले. मैदानी कधी आहे? तीन आठवड्यांच्या आत असेल तर नवा जोड देत नाही, आहेत त्यातच धाव म्हणून सांगते. काही मुली उठून शेजारच्या दुकानात जातात. भैयाजी पाहतात, एकदा त्यांनी उसासा टाकला, बाकी कधी अडवलं नाही.

त्या मुलीनं बूट परत करून जाताना, रविवारी धावण्याची वेळ धरायला याल का असं विचारलं होतं. मी गेले. बरेच रविवार गेले. मैदानाच्या कडेला मोबाईलचं घड्याळ घेऊन उभी राहायची, ती अनवाणी धावायची, मी आकडा सांगायची. आमच्यात त्यापलीकडे फारसं बोलणं झालं नाही. पुढच्या भरतीत ती धावण्यात चांगली उतरली, पण लेखी परीक्षेत मागे पडली.

मध्ये काही महिने तिचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी फोन आला. नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाईड म्हणून घेतलं होतं तिला. ट्रेनिंग झालं, गेटवर रोज नंबर लागतो, पहिल्याच आठवड्यात अस्वल दिसलं.

"बूट लागतील का?" मी विचारलं.

"कायले? जिप्सीत बसूनच राहा लागते, ताई. चप्पल बी चालते."

बरं झालं, असं मी म्हटलं. पोलीस झाली नाही याचं तिला काय वाटतं ते विचारायचं होतं, पण तिकडून कुणीतरी हाक मारली आणि तिनं घाईत फोन ठेवला. दुकानात अजून कोणी आलं नव्हतं. मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. थोड्या वेळानं मी उठले आणि बाहेरचं शटर अर्धं होतं ते पूर्ण वर केलं.