भावोजींचं गॅडोलिनियम

गॅडोलिनियमवर आमच्या भावोजींइतका भरवसा असलेला माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची सगळी नोकरी तारापूरच्या अणुवीज प्लँटमध्ये, कंट्रोल रूममध्ये गेली. सांगितलेलं काम आधी मोठ्याने परत म्हणायचं, समोरच्याने "बरोबर" म्हटलं की मगच हात लावायचा, ही तिथली शिस्त निवृत्तीनंतर मुकाट्याने आमच्या ताईच्या संसारात येऊन बसली. ताईने "चिकू उतरवा" म्हटलं की हे झाडाखालून "चिकू उतरवतो!" असं गरजतात आणि तिच्या उत्तराची वाट बघतात. एकदा ती तेवढ्यात शेजारच्या दांडी गावाला मासळी आणायला निघून गेली. दोन तास हे शिडी धरून उभे, आणि पिकलेले चिकू पाखरांनी संपवले.

ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला तेव्हा तिचा एक डोळा अंधुक झाला होता, डावा पाय ओढत होता. शरीराची राखणदार फौजच मेंदूतल्या नसांचं आवरण कुरतडते, असा हा आजार. रोजच्या गोळीने तो आवरलाय की नाही हे बघायला वर्षातून एकदा बोईसरला मेंदूचा स्कॅन. त्या वेळी हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट टोचतात, म्हणजे गॅडोलिनियम नावाच्या धातूचं द्रावण. आजार त्या घडीला जिथे चालू असेल तो डाग उजळतो, जुने वण उजळत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं नीट समजावलं. भावोजींनी त्यातलं फक्त गॅडोलिनियम उचललं आणि खुर्चीतून उठलेच.

"अवो, हे तर आमचं! पान्यात सोडलं का अणुभट्टी गप बसते. हिचा आजार काय चीज हाय?"

त्यानंतर पाच वर्षं एकही डाग उजळला नाही आणि सगळं श्रेय गॅडोलिनियमला गेलं. पुतणीच्या लग्नात ताईला फार वेळ उभं राहावं लागेल, म्हणून यांनी "एक डोस आगाऊ मिळावा" असा अर्ज तीन प्रतींत लिहिला. आम्ही पोट धरून हसलो. गोळी मात्र रोज सकाळी ते स्वतः तिच्या हातावर ठेवत. सगळं गॅडोलिनियमच करतंय तर ती कशाला, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

यंदा माझ्यासमोरच बाई म्हणाल्या, "आजार शांत आहे. आता दर खेपेला कॉन्ट्रास्ट नको. नवा डाग आलाच तर साध्या स्कॅनमध्येही दिसेल."

"त्याच्याबिगर माझी बायको आत जानार नाय!" भावोजींनी टेबलावर हात आपटला.

"अवो, ते औषध नाय," ताई हळूच म्हणाली. "बाईंनी पयल्याच दिवशी सांगितलेलं."

"म्हाईत हाय मला."

"मग इतकी वर्सं?"

"तू आत गेलीस का दार लागते. बायेर बसून मी काय करायचं? आपलं कोनतरी हाय तिच्यासंगती, असं म्हनत बसायचो."

मला स्वतःचीच शरम वाटली. ताई साध्या स्कॅनला आत गेली, दार लागलं. भावोजी बाकावर अंग चोरून बसले.

रिपोर्ट आला. नवा डाग नव्हता. या खेपेला श्रेय द्यायला त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं. ते नुसते ताईकडे बघत राहिले.