चार बोटांची फट

"बसून राह्यल्या का उठून राह्यल्या?"

खुर्चीत बसलेली कोणतीही बाई दिसली, की मूर्तीवाल्या मावशी हा प्रश्न टाकायच्या. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. समोरची गोंधळून खरोखरच उठायची आणि मावशी हात झटकायच्या. "पाह्य. उठलीच."

स्वतः मावशी कधी बसल्याचं मला आठवत नाही. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात मी शिकवते त्या शाळेसमोरच त्यांची पत्र्याची शेड होती. हात वडिलांकडून आलेला. पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात देवी आणि उरलेलं वर्षभर सिमेंटच्या मूर्ती. चहासुद्धा उभ्यानंच, दुसऱ्या हातात थापी. शेडमध्ये खुर्ची एकच. मधल्या सुट्टीत मी गेले की ती माझी.

नव्या ग्रामपंचायतीच्या अंगणात बायकांच्या बरोबरीच्या हक्काचं एक शिल्प बसवायचं, असं बचत गटाच्या बायकांनी ठरवलं. काम अर्थातच मावशींकडे आलं. नमुना सुचवायला मात्र सरपंचबाईंचे यजमान आले. पद बाईंचं, सही बाईंची आणि बोलायचं यांनी. तुमच्याही गावात बघितलं असेल.

"डोक्यावर घागर द्या, कडेवर लेकरू द्या. पाहाले बरं वाटते," ते म्हणाले.

"घागरी लई केल्या भाऊ," मावशी म्हणाल्या. "आता इले बसू द्या."

खुर्चीत बसलेली बाई, एवढंच शिल्प. पाठ पूर्ण टेकलेली, कुठे जायची घाई नाही. सळयांचा सांगाडा आठ दिवसांत उभा राहिला. अडलं ते पाठीशी. मावशींना टेकून बसलेली बाई डोळ्यांसमोर ठेवून काम करायचं होतं आणि तशी बाई काही सापडेना. शेजारणी आल्या, गटातल्या बायका आल्या. सगळ्या खुर्चीच्या काठावर. कोणी हाक मारेल म्हणून एक पाय पुढे. "टेक ना वं माय!" मावशी ओरडायच्या. त्या लाजून हसायच्या, जराशा मागे सरकायच्या आणि बोलता बोलता पुन्हा काठावर यायच्या. आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर मावशी बायकांच्या पाठी बघत फिरायला लागल्या. घास गोड लागेना त्यांना.

मग मी म्हणाले, मी बसते. वीस वर्षं खुर्चीत बसून नोकरी केलेली बाई मी. थोडा तोराच होता, खोटं कशाला सांगू?

दोन रविवार बसले. अगदी टेकून. मावशी खूश होत्या. "मॅडम, अशाच राहा. हलू नका." दुसऱ्या रविवारी पाठीचं ओलं सिमेंट खुर्चीला भिडलं, आता फक्त घोटायचं राहिलं होतं. तेवढ्यात दारात सरपंचबाईंचे यजमान आले. "कुठवर आलं?"

मी उठले. नुसती उठले नाही, पदर सारखा केला आणि "बसा ना भाऊ" म्हणून खुर्चीही पुढे केली. ते बसले. छान ऐसपैस टेकून बसले.

ते जाईपर्यंत मावशी थापी पुसत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तो तुमचा कोण?"

कोणीच नाही. साहेब नाही, सोयरा नाही. पद जिचं ती सरपंच बाहेर मोटरसायकलजवळ उन्हात उभी होती आणि तिच्यासाठी मी उठले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींनी पाठीचं ओलं सिमेंट थापीनं खरवडून काढलं. "जशी पाह्यली तशीच करते. लबाडी नाही करत."

तशीच केली. शिल्पातल्या बाईची पाठ आणि खुर्ची यांच्यात चार बोटांची फट आहे. अनावरणाला माणसं म्हणाली, कशी संस्कारी बसली हाय! मावशी मांडव सोडून निघून गेल्या. सिमेंटची उरलेली अर्धी गोणी त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. "टेकणारी भेटली का फट भरून टाकीन," म्हणायच्या आणि पुन्हा बाजारात पाठी बघत फिरायच्या. मला पुन्हा बसायला त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मला फार लागलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं. भेटायला गेले, तर मावशी उशीला टेकून बसलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा टेकलेल्या बघितल्या. मी थट्टेनं विचारणारच होते, बसून राह्यल्या का उठून राह्यल्या, तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. मावशी कोपरांवर जोर देऊन उठायला लागल्या. सलाईन ओढली गेली, नर्स धावली, त्यांना पुन्हा मागे टेकवलं. डॉक्टर गेल्यावर मावशी माझ्याकडे बघून हसल्या. डोळे भरले होते.

"पाह्यलं ना मॅडम? मी बी."

चौथ्या दिवशी गेल्या.

परवा ग्रामसभा होती. मी पुढच्या रांगेत बसले होते. सरपंचबाईंचे यजमान उशिरा आले, खुर्च्या भरलेल्या. ते येऊन नेमके माझ्यासमोर उभे राहिले. माझे गुडघे आपोआप उचलले गेले. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि दुखेपर्यंत पाठ मागे दाबली. ते थोडा वेळ थांबले, मग जाऊन खांबाला टेकले. सरपंचबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या खुर्चीत त्या जराशा मागे सरकल्या. जराशाच.

सभा सुटल्यावर मी शेडमध्ये गेले. प्लास्टिकमधली अर्धी गोणी दगड झाली होती. खुर्ची तिथेच होती. मी टेकून बसले, बराच वेळ बसले. विचारायला कोणी आलं नाही.