पासपोर्टला लावलेली क्लिप

हा प्रसंग मी आजवर निदान वीस वेळा सांगितला असेल, आणि तरीही तो सांगायचं मी आठ वर्षं टाळत आलो आहे. दोन्ही खरं आहे. आमच्या इथल्या, जर्मनीतल्या येना गावच्या मराठी मंडळींत तो ‘काकांनी पाकिस्तान्यांना कसं गप्प केलं’ म्हणून ओळखला जातो. मी तो रंगवून सांगतो, लोक हसतात, कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारतं. मी सांगतो त्यातला अर्धा भाग खरा आहे. उरलेलं खरं मी गाळलं, आणि गाळलेल्या जागी थोडं माझ्या पदरचं घातलं.

यंदा गणपतीत जावईबापूंनी पुन्हा फर्माईश केली. “बाबा, तो क्लिपचा किस्सा सांगा ना, या नवीन मंडळींनी ऐकला नाहीये.” मी सांगितला. सगळे हसले. माझी नात नऊ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्येच देते. ती मोदक खाता खाता म्हणाली, “उंड डेअर मिट डेम क्लिप?” आणि तो क्लिपवाला, त्याचं काय झालं? जावई म्हणाले, त्याचं काय व्हायचंय, तो खूश झाला असेल. तिने माझ्याकडे पाहिलं. मी निरांजनात तूप घालायला उठलो. निरांजनात तूप भरपूर होतं.

तर त्याचं काय झालं, ते लिहितो.

मी इथे भिंगांच्या कारखान्यात तीस वर्षं काम करून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर गावाबाहेर भाड्याने बागेचा एक तुकडा घेतला. इथे याला श्रेबरगार्टन म्हणतात: छोटं लाकडी खोपटं, चार वाफे, आणि कुंपण किती उंच असावं याचेसुद्धा नियम. शनिवारी दुपारी तिथे विद्यार्थी यायचे. पुण्या-मुंबईची मुलं यायची, आणि लॅबमधल्या ओळखीने पाकिस्तानातलीही तीन-चार. भाषा जवळची, चहा तोच. त्यांच्या हलाल मांसासाठी मी वेगळी शेगडी ठेवली होती आणि त्याचा मला अभिमान होता. आपण किती मोकळ्या मनाचे आहोत हे मी त्या शेगडीकडे पाहून स्वतःला सांगत असे.

त्या मुलांत एक जण होता, लेझरवर पीएचडी करणारा. बोलायचा कमी. इतर गप्पा मारत बसायचे तेव्हा हा वाफ्यात असायचा. त्याच्या वडिलांचं बियाण्यांचं दुकान होतं. मेथी माझ्याकडे कधी नीट यायची नाही. त्याने माती चाळून घेतली, बी रात्रभर भिजवलं आणि दहा दिवसांत रांग उभी केली. माझ्या बायकोला तो आंटी म्हणायचा, मला अंकल. ती त्याच्यासाठी डबा भरून आणायची आणि मला म्हणायची, “अहो, हा आपल्याकडचाच वाटतो.”

त्याचं जर्मन कच्चं होतं, म्हणून व्हिसा वाढवायला आउसलेंडरबेहर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, मी त्याच्यासोबत गेलो. तिथे मी ती क्लिप पहिल्यांदा पाहिली. त्याच्या पासपोर्टची आतली दोन पानं एका छोट्या काळ्या क्लिपने एकत्र धरलेली होती. काउंटरवरच्या बाईंनी हात पुढे केल्यावर त्याने क्लिप काढली आणि पासपोर्ट परत मिळताच, खुर्चीवरून उठायच्या आधी, पुन्हा लावली. नीटनेटका मुलगा, एवढंच मला वाटलं.

पुढे तोच पासपोर्ट नवा करायची वेळ आली. अर्ज भरण्यात मी पटाईत. सगळी मंडळी माझ्याकडे अर्ज घेऊन येतात. खोपट्यात बसून आम्ही त्याचा अर्ज भरायला घेतला. धर्माच्या रकान्यापाशी त्याचा पेन थांबला. मी हसत म्हणालो की मी इथे आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या अर्जात हा रकाना तीस वर्षं रिकामा ठेवला आहे. धर्म लिहिला तर चर्चचा कर कापतील का, एवढीच मला काळजी होती. तो हसला नाही. मग मी आपल्या सवयीने खोदायला लागलो. आपल्याकडे समोरच्याचं आडनाव कळलं की आपण मनात त्याची जात, पोटजात लावून मोकळे होतो, आणि नाही लागली तर चैन पडत नाही. तशाच कुतूहलाने मी विचारत राहिलो: तू बाकीच्यांबरोबर शुक्रवारी नमाजाला का जात नाहीस, रविवारी गाडीने एकटाच कुठे जातोस.

शेवटी त्याने सांगितलं. तो अहमदी होता. हे लोक स्वतःला मुसलमानच म्हणतात, पण त्यांच्या देशाच्या राज्यघटनेत दुरुस्ती करून ते मुसलमान नाहीत असं ठरवलेलं आहे. पासपोर्टच्या अर्जात मुसलमान म्हणून लिहायचं असेल तर एका मजकुराखाली सही करावी लागते, की या पंथाचा संस्थापक खोटा होता असं मी मानतो. त्याच्या वडिलांनी ती सही कधी केली नाही, त्यानेही केली नव्हती. म्हणून त्याच्या पासपोर्टवर धर्मापुढे वेगळा शब्द छापलेला होता, आणि म्हणून ती क्लिप. वडिलांच्या माघारी आई आणि बहीण दुसऱ्या गावी राहायला गेल्या होत्या. तिथे कोणाला माहीत नव्हतं. बहीण मुलींच्या शाळेत शिकवत होती. इथे तो ज्या फ्लॅटमध्ये राहायचा तिथल्या दोघांना माहीत नव्हतं, आणि त्यातल्या एकाचा मामा आई-बहिणीच्या त्या नव्या गावातच होता.

“अंकल, आप किसी से कहिएगा नहीं,” तो म्हणाला.

मी म्हणालो, वेडा आहेस का.

दीड महिन्याने, जूनमधल्या एका शनिवारी, बागेत दहा-बारा जण होतो. पुण्याचं एक आयटीतलं जोडपं होतं, बाकी विद्यार्थी. विषय शाळेच्या पुस्तकांवरून निघाला आणि राज्य आणि धर्म यावर आला. मी बोलत होतो. मला बोलायला आवडतं. आमच्या राज्याला धर्म नाही आणि तुमच्या राज्याचा धर्म घटनेच्या पहिल्या पानांवरच लिहिलेला, तर सामान्य माणसाने जायचं कुठे, असं काहीतरी मी ऐकवलं. पाकिस्तानातला एक अर्थशास्त्राचा विद्यार्थी होता, हजरजबाबी. तो म्हणाला की तुमचं बरोबर आहे, आमच्याकडे लिहून ठेवलंय. मग हसत त्याने विचारलं, “अंकल, पुणे में आप का फ्लैट जिस बिल्डिंग में है, वहाँ कितने मुसलमान रहते हैं?”

सगळे हसले. तो चिडवत होता, बोचरेपणा काही नव्हता.

पण त्याला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी एजंटाचा फोन आला होता. फ्लॅटला भाडेकरू मिळाला होता, चांगलं कुटुंब, नवरा डॉक्टर. एजंटाने नाव सांगितलं आणि थांबला. सोसायटीची मंडळी काय म्हणतील, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुम्हीच ठरवा साहेब. मी म्हणालो, राहू दे, दुसरं कोणी बघ. फोन ठेवून मी बागेत आलो होतो आणि त्याच वेगळ्या शेगडीवर मुलांसाठी कोंबडी भाजली होती.

उत्तर शून्य होतं. एक कुटुंब येऊ शकलं असतं, ते माझ्यामुळे आलं नव्हतं. हे कोणाला कळणार नव्हतं. तरी माझे कान तापले, आणि हरायचं नाही एवढंच डोक्यात राहिलं.

मी हिंदीतच म्हणालो, “आमच्या इमारतीचं सोड. तुम्ही तुमच्याच माणसांना काय करता?” आणि वाफ्याकडे बोट दाखवलं. तो लेझरवाला मुलगा तिथे पाणी घालत होता. “याला विचार. अरे, तुझ्या पासपोर्टची क्लिप काढून दाखव ना यांना. काय लिहिलंय ते वाचू दे.”

मी हा किस्सा सांगतो त्यात तो पुढे येतो, खिशातून पासपोर्ट काढतो, क्लिप काढतो आणि सगळ्यांच्या माना खाली जातात. तसं काही झालं नाही. पासपोर्ट तिथे नव्हताच. कोण कशाला बागेत पासपोर्ट घेऊन येईल? तो नळी हातात धरून उभा राहिला. पाणी एकाच जागी पडत राहिलं आणि तिथली मेथी आडवी झाली. त्याच्या फ्लॅटमधल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना क्षणात कळलं. मला कळायला तेवढाही वेळ लागला नाही. मला बोलतानाच कळलं होतं.

त्याने नळ बंद केला. आपला कप विसळून पालथा घातला. बायकोला म्हणाला, “आंटी, चाय अच्छी थी,” आणि फाटक लावून गेला. इथल्या नियमाप्रमाणे कडीसुद्धा घातली.

ट्राममधून उतरल्यावर बायको म्हणाली, “अहो, ते सांगायचं की नाही, ते त्याचं होतं.”

त्याच संध्याकाळी त्या पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला. काका, आज काय बोललात, त्याला उत्तरच सुचलं नाही, म्हणाले. तेव्हाच मला खरं काय ते सांगता आलं असतं. मी “अहो, कुठलं काय” म्हणालो आणि मला बरं वाटलं. किस्सा तिथून सुरू झाला.

पुढचं सगळं हळूहळू झालं. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात त्याची भांडी वेगळ्या फळीवर गेली. सलाम केला तर उत्तर येईना. कोणी त्याला हात लावला नाही, कोणी ओरडलं नाही. ऑगस्टमध्ये त्या मामापर्यंत बातमी गेली. मुख्याध्यापिकेने त्याच्या बहिणीला बोलावून विचारलं. तिला खोटं बोलता आलं असतं, ती बोलली नाही. महिन्याभरात नोकरी सुटली, मग घरमालकाने घर सोडायला सांगितलं, आणि आई-बहीण पुन्हा सामान बांधून तिसऱ्या गावी गेल्या. आई तेव्हा काठी घेऊन चालत होती.

हे मला त्यानेच सांगितलं, ट्रामच्या थांब्यावर, मी विचारलं म्हणून. आवाज चढवला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, “आप ने झूठ तो नहीं कहा था, अंकल.” त्याची ट्राम आली.

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी माफी मागितली असती, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. तेही खरं नाही.

खरं तर एक जण त्याच्याकडे माफी मागायला गेला होता. तोच अर्थशास्त्रवाला, ज्याला मी गप्प केलं म्हणून माझं कौतुक होतं. तो त्या फ्लॅटमध्ये राहत नव्हता, त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं. पण आपल्या देशाचा कायदा असा आहे आणि आपण त्यावर कधी तोंड उघडलं नाही, त्या दुपारीही नाही, म्हणून तो लॅबमध्ये जाऊन त्याला भेटला आणि त्याला आपल्या खोलीवर राहायला घेऊन गेला. पीएचडी संपेपर्यंत दोघे एकत्र राहिले. माझ्या गोष्टीत ज्याची मान खाली जाते, तो हा मुलगा. मी सांगितल्याप्रमाणे त्याची मान खाली गेली होती, ती कशाने गेली होती ते मात्र मी कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी त्या लेझरवाल्याला हायडेलबर्गला नोकरी लागली. मी पत्ता मिळवला. बायकोने मेथीचं बी कागदाच्या पुडीत बांधून दिलं आणि म्हणाली, “आधी बोला, मग द्या.” गाडीत पाच तास मी माफीचं वाक्य पाठ करत होतो, हिंदीत, म्हणजे त्याला प्रत्येक शब्द कळेल. त्याने दार उघडलं, मिठी मारली, चहा केला. आता त्याच्या टेबलावर पासपोर्ट उघडा पडलेला होता, क्लिपशिवाय. बहुधा कुठल्या कामासाठी काढला असेल. मी पासपोर्टकडे पाहिलं, त्याने मला पाहताना पाहिलं. मी म्हणालो, घर छान आहे, उजेड चांगला येतो.

मग तो मला स्टेशनवर सोडायला आला. गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. आम्ही बाकावर बसलो. तो वाट पाहतोय हे मला दिसत होतं, कारण तो फोनकडेही बघत नव्हता. चाळीस मिनिटं मी जर्मन रेल्वे कशी बिघडत चालली आहे यावर बोललो. आधी कशी घड्याळासारखी होती, आता काय झालंय. गाडी आली तेव्हा त्याने माझी पिशवी डब्यात चढवून दिली. पुडी माझ्या कोटाच्या खिशातच राहिली. अजून तिथेच आहे. बी आता उगवायचं नाही.

त्यानंतर तो जर्मनी सोडून गेला. मी दिलेल्या ईदच्या शुभेच्छांना दोन वर्षं उत्तर आलं, मग तो नंबर बंद झाला. त्याची आई गेल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं.

पुण्याचा फ्लॅट मी मागच्या वर्षी विकला. तो डॉक्टर कुठे राहायला गेला हे मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही.

ते वाक्य मी हिंदीत पाठ केलं होतं. इथे मराठीत लिहितो, कारण जे हसले ते मराठी होते आणि त्यांना मीच हसवलं होतं. माझ्या नातीला मराठी वाचता येईल तेव्हा तीही वाचेल.

बेटा, त्या दिवशी मला एकाने खरा प्रश्न विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी तुला पुढे केलं. तू विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी वाद जिंकायला वापरली. तुझ्या बहिणीची नोकरी गेली, तुझ्या आईला म्हातारपणी घर सोडावं लागलं, ते तुमच्या कायद्याने झालं हे खरं, पण तो कायदा त्यांच्या दारापर्यंत मी नेला. त्या बाकावर तू चाळीस मिनिटं वाट पाहत होतास, ते मला कळत होतं. माझं चुकलं. मला माफ कर.