उसवलेला निळा स्वेटर

सुनेने हिवाळ्याचे कपडे पेटीतून काढले आणि घरभर डांबरगोळ्यांचा वास सुटला, की माझं डोकं आजही फिरतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. लग्न होऊन मी जळगाव जामोदला आले आणि दुपारी भांडी आटोपल्यावर नवऱ्यासाठी निळा स्वेटर विणायला घेतला. शिकवणारं कोणी नव्हतं. टाके सुटायचे, घामाने सुया चिकटायच्या, तरी एकेक ओळ वाढली की जीव सुखावायचा. स्वेटर काखेपर्यंत आला, त्या दुपारी मोठ्या जाऊबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

“काऊन वं, काम नाही का तुले? बसली तं बसूनच राह्यली!”

त्यांनी सुई उपसली आणि धागा ओढला. सरसर सगळं उसवत गेलं. माहेरच्या ट्रंकेतून आणलेल्या त्या लोकरीचा डांबरगोळ्यांचा वास नाकात भरला. हे पलंगावर पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पान उलटलं.

तेव्हा मी मनातल्या मनात जाऊबाईंना शिव्यांची लाखोली वाहिली. आज त्यांचा चेहराही नीट आठवत नाही. संताप येतो तो त्या उलटलेल्या पानाचा.

मी लोकर गुंडाळली आणि पुन्हा विणायला बसले, या वेळी माझ्या मापाने. थंडी पडल्यावर तोच स्वेटर घालून मी चहा द्यायला गेले, तेव्हा यांनी विचारलं, “हा तं माह्यासाठी होता ना?”

“तुमचा उसवला,” मी म्हटलं. “तुमच्यासमोरच.”